दहा वर्षे हप्ता चुकला नाही, तरी जुन्यालाच महाग व्याज का?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे. त्या शाळेत शिक्षिका आहेत आणि त्यांचे पती एका कारखान्यात नोकरी करतात. २०१६ च्या जूनमध्ये दोघांनी मिळून फ्लॅटसाठी एका बँकेकडून २५ लाख रुपयांचे गृहकर्ज वीस वर्षांच्या मुदतीने घेतले. टाळेबंदीत पतीचा पगार निम्म्यावर आला तेव्हाही त्यांनी हप्ता चुकू दिला नाही. अपवाद एकाच महिन्याचा : सासूबाई रुग्णालयात असताना खात्यात पैसे दोन दिवस उशिरा जमा झाले, हप्ता परत गेला आणि बँकेने ५०० रुपये अधिक कर असे ५९० रुपये कापून घेतले. ते माफ करावेत म्हणून त्या शाखेत गेल्या, तेव्हा ‘सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाही’ असे उत्तर मिळाले. पुढे त्यांच्याच इमारतीतील एका तरुण जोडप्याला त्याच शाखेतून ७.६ टक्के दराने कर्ज मिळाल्याचे कळले. यांचा दर ८.६ टक्के आहे, आणि १८ लाख रुपये व दहा वर्षे अजून बाकी आहेत. दर कमी करण्याविषयी त्यांनी शाखेत एकदा विचारले होते, पण ‘अर्ज करा, चार्जेस पडतील’ असे तुटक उत्तर आल्यावर त्या संकोचून परतल्या. पतीचे म्हणणे असे, की इतक्या वर्षांचे संबंध तोडू नयेत. दोन वर्षांनी मुलीसाठी शैक्षणिक कर्ज लागेल, तेव्हा हीच बँक उपयोगी पडेल. पत्रलेखिकेला मात्र अपमान झाल्यासारखे वाटते. एवढी मोठी कंपनी, एवढा नफा, मग जुन्या माणसांशी थोडे मोठे मन दाखवायला तिचे काय जाते, असे त्या विचारतात. बँक बदलावी का, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात ५९० रुपयांचा उल्लेख तीन ठिकाणी आहे आणि व्याजाच्या एका टक्क्याचा फक्त एकदा, तोही शेवटाकडे. म्हणून आधी हिशेब मांडतो. १८ लाख रुपये, दहा वर्षे आणि ८.६ टक्के दर धरला तर हप्ता सुमारे २२,४१४ रुपये येतो, ७.६ टक्क्यांनी तो सुमारे २१,४६० होतो. महिन्याला साडेनऊशे रुपयांचा फरक दहा वर्षांत एक लाख १४ हजारांच्या घरात जातो. असे असूनही तुम्हाला सलतात ते ५९० रुपये, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. ते नाकारताना कोणीतरी तुमच्या समोर बसलेले होते. एक लाख १४ हजार रुपये मात्र कोणी मागितले नाहीत आणि कोणी नाकारलेही नाहीत. ते दर महिन्याला मुकाट्याने जात राहतील. ही गोष्ट मनात ठेवा, कारण पुढचे सारे तिच्याभोवतीच आहे.

तुमच्या प्रश्नामागे एक गृहीत आहे, आणि ते तुमचे एकटीचे नाही, आपल्यापैकी बहुतेकांचे आहे. आपण दहा वर्षे चोख वागलो म्हणजे समोरच्यावर आपले काही ऋण चढले, आणि वेळ आली की त्याने ते ओळखावे, असे आपण धरून चालतो. हे गृहीत आपण बाजारातच शिकलो. नेहमीची भाजीवाली पावशेर गवार तोलून झाल्यावर वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते, वाणी महिनाअखेरीला वही बंद करताना वरची चिल्लर सोडून देतो. त्या मिरच्या तिच्याच टोपलीतल्या असतात, आणि घेणारी कोण हे तिला ठाऊक असते. औदार्याला या दोनच गोष्टी लागतात : माल आपला असावा आणि समोरचे माणूस दिसावे. कंपनीत या दोन गोष्टी एका ठिकाणी क्वचितच सापडतात. काउंटरवरच्या ज्या माणसाला तुम्ही दिसता, त्याचा तो पैसा नसतो; ज्यांचा पैसा असतो, त्यांना तुम्ही कधीच दिसत नाही.

शाखा व्यवस्थापकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमचे ५९० रुपये सोडले, तर त्यातून त्याला मिळणारे एकमेव फळ म्हणजे तुमचे समाधान, आणि ते त्याच्या कामाच्या नोंदीत कुठे दिसत नाही. उलट शाखेत लेखापरीक्षक येतात तेव्हा ते ज्या गोष्टी शोधतात त्यांत ‘इन्कम लीकेज’, म्हणजे वसूल करायचे होते पण केले नाही असे उत्पन्न, ही एक ठरलेली बाब असते. ते सापडले की खुलासा मागितला जातो. सरकारी बँकेत तर कोणाला तरी दिलेली सवलत म्हणजे मर्जी दाखवली, असा संशयही मागे लागू शकतो. तेव्हा ‘सिस्टीममध्ये पर्याय नाही’ हे वाक्य नेहमी खरे असतेच असे नाही, पण ते बोलणाऱ्याला सुरक्षित ठेवते एवढे नक्की. त्यात तुमच्याविषयी कसलाही अनादर नव्हता, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, की मग व्यवस्थापकाला मोकळीक द्यावी. आपल्या महाराष्ट्राने हा प्रयोग पुरेसा पाहिला आहे. गावोगावच्या पतसंस्थांत चेहरे ओळखीचे होते, मने मोठी होती आणि शब्दावर कर्जे दिली जात होती. त्यांतल्या काही चांगल्या चालल्या, पण कित्येक ठिकाणी ओळखीपाळखीने दिलेली कर्जे बुडाली आणि ठेवीदार वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. बँकेचे मोठे मन दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर दाखवले जाते, हे आपण कर्जदार असताना विसरतो. तुमच्या सासूबाईंची त्याच बँकेत मुदत ठेव आहे, असे तुम्ही लिहिले आहे. घराच्या एका बाजूला तुम्ही व्याज कमी व्हावे म्हणता आणि दुसऱ्या बाजूला त्या वाढावे म्हणतात.

कायदाही याला अनुकूल नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये संचालकांनी कोणाचे हित पाहावे हे सांगितले आहे. त्यात सभासद आहेत, कंपनी आहे, कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरणाचे रक्षणही आहे. ग्राहक हा शब्द त्या यादीत नाही. त्याच कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, पण नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून केलेल्या गोष्टी त्यात मोजल्या जात नाहीत. म्हणजे बँकेने एखाद्या खेड्यात शाळेची खोली बांधली तर ते कागदावर औदार्य ठरते, तुमचा दर उतरवला तर ते केवळ घटलेले उत्पन्न.

(अनेक बँकांच्या भिंतीवर ग्राहकाचा महिमा सांगणारा एक फलक गांधीजींच्या नावाने लावलेला असतो. काही ठिकाणी त्याखाली ‘दक्षिण आफ्रिका, १८९०’ असेही छापलेले दिसते. गांधीजी १८९० मध्ये लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते गेले १८९३ मध्ये. ग्राहकाविषयीच्या पूज्यभावाचा पाया बहुधा इतकाच पक्का असतो.)

आता नव्याला स्वस्त आणि जुन्याला महाग, हे कसे? इथे मात्र मी बँकेची बाजू घेणार नाही. नवा ग्राहक चार ठिकाणी चौकशी करून येतो, म्हणून त्याला कमी दर दाखवावाच लागतो. जुना ग्राहक हलत नाही, आणि जो हलत नाही त्याच्याकडून जास्त घेता येते, हे सगळीकडच्या कंपन्यांना कळलेले गणित आहे. ब्रिटनमध्ये घर आणि वाहन विम्याचे हप्ते जुन्या ग्राहकांसाठी वर्षागणिक असेच वाढवले जात. शेवटी तिथल्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून, नूतनीकरण करणाऱ्या ग्राहकाकडून नव्या ग्राहकापेक्षा जास्त हप्ता घेण्यास बंदी घातली. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेच्या एका अंतर्गत अभ्यासगटाने २०१७ मध्ये हेच पाहिले. बँका आपापले आधार दर आणि एमसीएलआर, म्हणजे ज्यांच्यावरून त्या कर्जाचे व्याज ठरवतात ते स्वतःचे मानक दर, काढताना ठरलेली पद्धत सोडून मनमानी फेरफार करत होत्या, आणि धोरण दर (रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) उतरला की त्याचा लाभ नव्या कर्जांना जितका मिळे तितका चालू कर्जांना मिळत नव्हता. निष्ठा म्हणून तुम्ही जे दहा वर्षे जपले, त्याला बँकेच्या हिशेबात ‘हा ग्राहक जाणार नाही’ एवढाच अर्थ होता. हे कटू आहे, पण ते कळले की पुढची वाट सोपी होते.

ती वाट त्या अभ्यासगटाच्या शिफारशींतूनच निघाली. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानकाशी, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या हातात नसलेल्या दराशी (बहुतेक ठिकाणी रेपो दराशी), जोडायला लावली, आणि तो दर किमान तीन महिन्यांतून एकदा पुन्हा ठरवणे बंधनकारक केले. तुमच्या शेजाऱ्यांचे कर्ज असे आहे. तुमचे २०१६ चे कर्ज बहुधा अजून एमसीएलआरवर असेल. २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ पर्यंत उतरला. शेजाऱ्यांना त्याचा लाभ लगोलग मिळत गेला, तुमच्यापर्यंत तो झिरपत येतो आहे. आणि आता महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०१९ च्या परिपत्रकाने अशी तरतूद केली, की ज्यांना मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही अशा जुन्या कर्जदारांना बाह्य मानकाकडे वळता येईल, त्यासाठी वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चाखेरीज शुल्क घेता येणार नाही, आणि वळल्यानंतरचा दर तशाच नव्या कर्जाच्या दराशी जुळवावा.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही मोठ्या मनाची वाट पाहत होता, ती मागण्याचा तुम्हाला अधिकार होता. बँकेने तो नाकारला नाही, फक्त आपण होऊन सांगितला नाही, आणि तिच्या गप्प बसण्याची किंमत तुम्ही भरत राहिलात. तक्रार करायचीच तर ती या गप्प बसण्याविषयी करा. औदार्य नाही म्हणून केलेली तक्रार कोणी ऐकणार नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपालसुद्धा बँकेच्या व्यापारी निर्णयात पडत नाही.

कंपनीकडून आजवर जे औदार्य म्हणून तुमच्या पदरात पडले, तेही असेच नियमातून आले होते. पासबुक काढून २०२० च्या नोव्हेंबरच्या आसपासची पाने पाहा. मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांच्या चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक, दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना, हप्ते लांबणीवर टाकले असोत वा नसोत, ‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे सानुग्रह रक्कम म्हणून जमा झाला होता. तुमच्या खात्यातही ती छोटीशी नोंद असणार. अनुग्रह हा शब्द बँकेच्या पासबुकात उमटला, पण पैसे केंद्र सरकारचे होते.

तुमच्या पतींच्या भीतीकडे वळतो, कारण ती मला तुमच्या रागापेक्षा जास्त विचार करण्यासारखी वाटते. संबंध तोडले तर दहा वर्षांची पुण्याई वाया जाईल, असे त्यांना वाटते. ती वाया जात नाही, कारण ती त्या शाखेत साठलेलीच नाही. तुम्ही वेळेवर भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे ज्याला आपण सरसकट सिबिल म्हणतो तिथे, झालेली आहे, आणि उद्या तुमच्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज कोणत्याही बँकेत गेला तरी पालक म्हणून तुमचीच नोंद उघडली जाईल. गंमत अशी, की तुमच्या चोखपणाची कदर करण्यात सर्वाधिक रस त्या बँकेला असतो, जिच्याकडे तुम्ही अजून ग्राहक नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम आहे. तो आधी मागवा आणि त्या दोन दिवसांच्या उशिराची नोंद कशी झाली आहे तेही पाहून घ्या. चुकीची असेल, तर दुरुस्तीची मागणी करण्यात ५९० रुपयांहून अधिक हित आहे.

मग बँक बदलावी का? माझे मत असे, की आधी बदलू नये, पण बदलण्याची तयारी दिसेल असे वागावे. या आठवड्यात शाखेकडून कर्जाचे विवरण घ्या आणि त्यात चार गोष्टी पाहा : दर कोणत्या मानकाशी जोडलेला आहे, त्यावर बँकेचा किती टक्के स्प्रेड, म्हणजे वरची वाढ, आहे, मुद्दल किती उरले आणि हप्ते किती उरले. मग दुसऱ्या एखाद्या बँकेकडे कर्ज वळवण्याची, म्हणजे टेकओव्हरची, चौकशी करून तिचे लेखी पत्र मिळवा. ते हाती आल्यावर आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या, की आमचे कर्ज रेपोशी जोडून आजच्या नव्या कर्जाच्या दरावर आणावे. अर्जात दहा वर्षांच्या संबंधांचे वर्णन नको. २०१९ च्या परिपत्रकाचा उल्लेख आणि दुसऱ्या बँकेचा दर, एवढे पुरे. ज्यांचे कर्ज आधीच रेपोवर आहे, पण स्प्रेड जुना आणि जास्त आहे, अशा वाचकांसाठीही एक दार उघडले आहे. स्प्रेडमधील काही भाग पूर्वी तीन वर्षांतून एकदाच बदलता येत असे; ग्राहक टिकवण्यासाठी बँकांना तो त्याआधीही कमी करता येईल, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ पासून दिली आहे. आपला ग्राहक ‘टिकवायचा’ आहे हे बँकेला कळण्यासाठी तो जाऊ शकतो हे तिला दिसावे लागते.

ज्यांचे कर्ज बँकेऐवजी गृहवित्त कंपनीचे आहे, त्यांनी मात्र हे नियम जसेच्या तसे गृहीत धरू नयेत. त्या कंपन्या आपला दर आपल्याच मानकाने ठरवतात, रेपोशी जोडण्याचे बंधन त्यांच्यावर नाही, आणि दर कमी करून घेताना त्यांचे शुल्क किती हे विचारावेच लागते.

शाखेने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर खुशाल जा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही. खर्च असतो तो नव्या बँकेचा : प्रक्रिया शुल्क, मालकी हक्काविषयी वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणखतावरील मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची, म्हणजे घर गहाण ठेवल्याच्या सूचनेची, नोंदणी. ही सारी बेरीज एका कागदावर लिहा आणि वर काढलेल्या बचतीसमोर ठेवा. दहा वर्षे उरलेली असताना एका टक्क्यासाठी ती बहुधा परवडेल, तीन वर्षे उरली असती तर मी नको म्हणालो असतो. एका गोष्टीला मात्र बळी पडू नका. नवी बँक ‘हप्ता एकदम हलका करून देतो’ म्हणत मुदत पुन्हा वीस वर्षांवर नेण्याचा आग्रह धरेल. मुदत दहाच वर्षांची ठेवा. त्याहून चांगले म्हणजे दर उतरल्यावरही हप्ता आज आहे तेवढाच चालू ठेवा. ७.६ टक्क्यांनी २२,४१४ रुपये भरत राहिलात, तर कर्ज साडेसात हप्ते आधी फिटते, आणि बचत एक लाख ६७ हजारांच्या आसपास जाते.

आणि ते ५९० रुपये? आणखी एकदा मागून पाहा, पण लेखी, आणि व्यवस्थापकाला लिहिता येईल असे कारण देऊन : दहा वर्षांतील पहिलीच चूक, सोबत रुग्णालयाच्या दाखल-पत्राची प्रत. कागद असला की सवलत देणाऱ्यालाही लेखापरीक्षकापुढे दाखवायला काही असते. नाही मिळाले तर सोडून द्या.

तुमच्या पत्रातील एक ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. सासरे गेल्यानंतर त्यांच्या खात्याच्या कागदपत्रांसाठी त्याच शाखेतील एक क्लार्क बाई जेवणाची सुट्टी सोडून तुमच्या सासूबाईंशेजारी बसल्या आणि सगळे अर्ज त्यांनी स्वतः भरून दिले, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्या बाईंनी स्वतःचा वेळ दिला. तो त्यांचाच होता, आणि त्यांना तुमच्या सासूबाई दिसत होत्या. त्यांचे उपकार जरूर माना. दिवाळीला फराळाचा डबा न्यावासा वाटला तर न्या, आणि मुख्य कार्यालयाला त्यांच्याविषयी चार ओळी लिहिल्यात तर आणखी चांगले. त्यासाठी गृहकर्ज तिथे ठेवण्याची गरज नाही; बचत खाते ठेवलेत तरी भेट होत राहील.

कर्ज वळवलेच, तर जुन्या बँकेने पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे द्यायची असतात, आणि उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागदपत्रे साधारणपणे थेट नव्या बँकेकडे जातात, तरी त्यांच्या यादीची एक प्रत तुमच्याकडे असू द्या. जुन्या खात्यावरील हप्त्याची स्वयंचलित वजावट बंद झाल्याचे लेखी मिळेपर्यंत त्यात एका हप्त्याइतकी रक्कम राहू द्या, नाहीतर आणखी ५९० रुपये कापले जायचे. आणि अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या, एकीवर शाखेचा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका.